डिस्पॅच खणखणीत, आग लागली की स्कॅनर गप्प: ट्रंक सिस्टीमबाहेरच्या फ्रिक्वेन्सी कशा पकडायच्या

तक्रार दर वेळी तीच असते. स्कॅनरवर, म्हणजे पोलीस-अग्निशमन दलाचं बिनतारी बोलणं ऐकायच्या रेडिओवर, काउंटीची ट्रंक सिस्टीम (अनेक खात्यांनी वाटून वापरायचं रेडिओचं जाळं) व्यवस्थित लागलेली आहे. डिस्पॅचचा, म्हणजे नियंत्रण कक्षाचा, कॉल येतो, पत्ता ऐकू येतो, कोणकोणते बंब निघाले तेही कळतं. पहिली गाडी पोचते, "दुसऱ्या मजल्यावरून धूर" एवढं सांगते आणि तिथून पुढे शुकशुकाट. पाऊण तासानं डिस्पॅचवर एकदम "आग आटोक्यात" असं येतं. मधलं सगळं कुठे झालं, पत्ता नाही. मग लोक फर्मवेअर बदलतात, सिमल्कास्टला (अनेक मनोऱ्यांवरून एकाच वेळी होणाऱ्या प्रक्षेपणाला) शिव्या घालतात, शेवटी महागडा नवा स्कॅनर मागवतात. तोही तेवढाच गप्प बसतो.

पाकीट उघडण्याआधी हे वाचा. बहुतेक वेळा यंत्राला काहीही झालेलं नसतं. संभाषणच ट्रंक सिस्टीम सोडून साध्या, जुन्या पद्धतीच्या फ्रिक्वेन्सीवर गेलेलं असतं.

मी हे शिकागोच्या उपनगरांना धरून लिहितोय. नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या पट्ट्यात आपली मंडळी भरपूर आहेत आणि तिथले आकडे मला पाठ आहेत. तुम्ही न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये असाल तर आकडे वेगळे असतील, तपासायचा क्रम हाच.

संभाषण जातं कुठे?

ट्रंक सिस्टीममध्ये कुठल्याच खात्याची स्वतःची अशी फ्रिक्वेन्सी नसते. जवानानं बटण दाबलं की आधी कंट्रोल चॅनलकडे विनंती जाते, कंट्रोलर त्या क्षणी मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी देतो आणि त्या टॉकग्रुपचे, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या गटाचे, सगळे रेडिओ तिकडे वळतात. बँकेत टोकन घ्यायचं आणि जो काउंटर रिकामा होईल तिथे जायचं, तसं. इलिनॉयमधली स्टारकॉम-२१ ही राज्यव्यापी पी-२५ (डिजिटल रेडिओचं मानक) सिस्टीम ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झवर याच पद्धतीनं चालते. तुमचा स्कॅनर कंट्रोल चॅनल वाचत वाचत तिच्यामागे धावत असतो.

आता जळत्या घराच्या तळघरात गेलेला जवान घ्या. त्याचा रेडिओ टॉवरपर्यंत पोचला नाही तर बटण दाबल्यावर फक्त नकाराचा भोंगा वाजतो आणि जिन्यावर उभ्या असलेल्या साथीदाराशीही बोलता येत नाही, कारण परवानगी देणारा कंट्रोलर पाच-दहा मैलांवर आहे. म्हणून आत शिरणारी माणसं रेडिओ ते रेडिओ थेट बोलतात. याला सिम्प्लेक्स म्हणतात. टॉवर नाही, कंट्रोलर नाही, टॉकग्रुपही नाही. मग ट्रंकच्या मागे धावणाऱ्या स्कॅनरला ते दिसणार कुठून?

दुसरं कारण आवाजाचं. डिजिटल रेडिओ आवाजाचं गणित करून पाठवतो आणि ते गणित माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेलं असतं. मास्कमधला श्वास, करवत, जवान निश्चल पडला की किंचाळणारा पास अलार्म अशा गोंगाटात ते गडबडतं. अमेरिकेच्या एनटीआयए या सरकारी संस्थेनं २००८ मध्ये याच्या रीतसर चाचण्या घेतल्या. काही प्रकारच्या गोंगाटात साधा ॲनलॉग एफएम डिजिटलपेक्षा स्पष्ट कळत होता. फिनिक्समध्ये मार्च २००१ च्या सुपरमार्केटच्या आगीत ब्रेट टार्व्हर हा जवान गेला. त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या दलानं रेडिओंची कसून तपासणी केली आणि प्रत्यक्ष धोक्याच्या जागी व्हीएचएफ (१५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) ॲनलॉगच ठेवायचं ठरवलं; ट्रंक राहिली बाकीच्या कामांना. तेव्हा "एवढी कोट्यवधींची सिस्टीम असताना जुनाट ॲनलॉग कशाला?" हा प्रश्न ऐकला की मला गंमत वाटते. तो जुनाटपणा विचार करून ठेवलेला आहे.

इलिनॉयमध्ये तिसरंही कारण आहे: माबास. १९६८ मध्ये शिकागोच्या उपनगरांत सुरू झालेली, शेजारच्या गावांनी एकमेकांच्या आगीवर धावून जायची ही व्यवस्था आज हजाराहून अधिक दलांची आहे. एकाचा रेडिओ व्हीएचएफ, दुसऱ्याचा यूएचएफ, तिसऱ्याचा ८०० मेगाहर्ट्झ. मग बोलायचं कसं? त्यावर उपाय म्हणजे सगळ्यांकडे असलेल्या सामाईक व्हीएचएफ वाहिन्या, त्यांना दिलेली रंगांची नावं आणि प्रत्येकीचा ठरलेला टोन, म्हणजे बोलण्याखाली चालणारा ओळखीचा सूर (फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये, टोन हर्ट्झमध्ये):

आयफर्न: १५४.२६५, टोन २१०.७
आयफर्न-२: १५४.३०२५, टोन ६७.०
फायरग्राउंड व्हाइट: १५४.२८०, टोन ७४.४
फायरग्राउंड रेड: १५३.८३०, टोन ६९.३
फायरग्राउंड ब्लू: १५४.२९५, टोन ८५.४
फायरग्राउंड गोल्ड: १५३.८३७५, टोन ९१.५
फायरग्राउंड ब्लॅक: १५४.२७२५, टोन ९४.८
फायरग्राउंड ग्रे: १५४.२८७५, टोन १३६.५

आयफर्नवर गावागावांना मदतीचे कॉल सुटतात, आणि ते ठाण्यांवरच्या मोठ्या अँटेनांवरून सुटतात. रंगांवर मात्र प्रत्यक्ष आगीच्या जागेवरचं बोलणं चालतं, तेही बहुतांशी हातातल्या रेडिओंवरून. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली तपासणी: होल्ड करा आणि काड्या बघा

डिस्पॅचर कॉल देताना बहुतेकदा वाहिनीही सांगून टाकतो: "ऑपरेट ऑन फायरग्राउंड रेड." हे वाक्य कानांवरून जातं, कारण तोवर आपण पत्ता नकाशावर शोधत असतो. ते पकडा, स्कॅन थांबवा, त्या वाहिनीवर होल्ड करून बसा आणि पडद्यावरच्या सिग्नलच्या काड्यांकडे बघत राहा.

काड्या वर जातायत पण आवाज नाही: सेटिंग चुकलंय, बहुधा टोन. काड्या हलतच नाहीत: लहर तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे अँटेना किंवा अंतर. काड्या हलतायत आणि खरखरीत का होईना बोलणं येतंय, पण स्कॅन करताना तेच कधी सापडत नाही: स्कॅनची यादी फार लांब झालीय. एवढ्या एका निरीक्षणानं निम्मं काम होतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

काड्या वर, आवाज बंद

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सीटीसीएसएस टोन, म्हणजे रेडिओवाल्यांच्या भाषेत पीएल, हा बोलण्याच्या खाली सतत चालू असलेला मंद सूर असतो. स्कॅनरला एखादा टोन सांगून ठेवला की तो सूर सापडल्याशिवाय स्पीकर उघडत नाही. लहर कितीही जोरदार असो, टोन जुळला नाही तर शांतता.

गोची अशी, की इलिनॉयच्या रंगांपैकी बऱ्याच फ्रिक्वेन्सी राष्ट्रीय सामाईक वाहिन्यांच्या यादीतही आहेत, वेगळ्या नावानं आणि वेगळ्या टोननं. १५४.२८० ही राष्ट्रीय यादीत व्हीफायर-२१ आहे, १५४.२६५ ही व्हीफायर-२२, १५४.२९५ ही व्हीफायर-२३. ब्लॅक, ग्रे आणि आयफर्न-२ याच क्रमानं २४, २५ आणि २६. राष्ट्रीय यादीत या सगळ्यांचा टोन एकच, १५६.७. आता कुणीतरी उत्साहानं "नॅशनल इंटरऑप" नावाची तयार यादी स्कॅनरमध्ये भरतो. पडद्यावर १५४.२९५ झळकते, माणूस समाधानी: ब्लू वाहिनी आहे आपल्याकडे. पण स्कॅनर वाट बघतोय १५६.७ ची आणि आगीवरचे रेडिओ पाठवतायत ८५.४. फ्रिक्वेन्सी अचूक, आवाज शून्य. ऑरोराच्या एका मित्राचा स्कॅनर पाहिला तेव्हा रेड आणि गोल्ड व्यवस्थित चालत होत्या आणि बाकीचे रंग मुके होते. कारण उघड आहे: या दोन फ्रिक्वेन्सी व्हीफायरच्या यादीत नाहीत, म्हणून त्या त्यानं हातानं भरल्या होत्या, योग्य टोनसकट.

उपाय सोपा. प्रत्येक वाहिनीच्या टोनच्या जागी आकडा न घालता "सर्च" निवडा. मग स्कॅनर कुठलाही टोन असला तरी आवाज सोडतो आणि सापडलेला टोन पडद्यावर दाखवतो. काही आठवडे तसंच चालू द्या. पडद्यावर ८५.४ दिसलं की ती ब्लू, १५६.७ दिसलं तर खरोखरच राष्ट्रीय वाहिनी म्हणून वापर चाललाय. नंतर हवं तर टोन पक्का करा. दूरच्या जिल्ह्यांची ये-जा किंवा विजेची खरखर त्रास देत असेल तरच. नाहीतर सर्चवर ठेवलं तरी बिघडत नाही.

टोन बरोबर असूनही आवाज नसेल तर त्याच मेनूत ऑडिओ टाइप बघा. पी-२५ च्या नादात तो "फक्त डिजिटल" करून ठेवलेला असतो. या रंगांवर ॲनलॉग चालतं. "ऑल" करा.

वाहिनी आहे, पण चुकीच्या कप्प्यात

युनिडेनच्या एसडीएस-१०० किंवा बीसीडी-४३६ सारख्या स्कॅनरमध्ये ट्रंक सिस्टीम आणि कन्व्हेन्शनल सिस्टीम हे वेगळे कप्पे आहेत. फायरग्राउंडची फ्रिक्वेन्सी ट्रंक सिस्टीमच्या साइटमध्ये (मनोऱ्याच्या नोंदीत) कोंबली तर स्कॅनर तिथे कंट्रोल चॅनल शोधत बसेल आणि काही न सापडून पुढे जाईल. फेव्हरिट्स लिस्टमध्ये नवी कन्व्हेन्शनल सिस्टीम करा, तिच्यात एक डिपार्टमेंट, त्यात आठ वाहिन्या.

तयार डेटाबेसवरून ऐकत असाल तर दोन गोष्टी तपासा. माबासच्या वाहिन्या तुमच्या काउंटीच्या पानावर नसून राज्याच्या पानावर असतात, त्यामुळे फक्त काउंटी निवडली की त्या सुटतात. दुसरं म्हणजे सर्व्हिस टाइप. फायर डिस्पॅच चालू असतो, फायर-टॅक (आगीवरचं बोलणं) आणि इंटरऑप (सामाईक वाहिन्या) बंद राहिलेले असतात; तेवढी दोन बटणं चालू केल्यावर "स्कॅनर सुधारला" म्हणून सांगणारे मला भेटलेत. आणि हो, कधीतरी खरखरीला वैतागून तुम्हीच ती वाहिनी कायमची ॲव्हॉइड केलेली असू शकते. तीही यादी एकदा बघाच.

जुना स्कॅनर असेल तर आणखी एक. १५४.२७२५ किंवा १५३.८३७५ अशा शेवटी २५ किंवा ७५ येणाऱ्या फ्रिक्वेन्सी जुन्या यंत्रांना भरता येत नाहीत. ती पाच किलोहर्ट्झच्या पायरीनंच चालतात आणि आकडा गुपचूप जवळच्या पायरीवर नेतात. भरल्यावर पडद्यावर नेमका आकडा दिसतोय का, बघून घ्या. आवाज येतोय पण फारच बारीक, असं असेल तर मॉड्युलेशन एनएफएम (अरुंद एफएम) करा. एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकानं १ जानेवारी २०१३ पासून ५१२ मेगाहर्ट्झखालच्या व्हीएचएफ-यूएचएफ वाहिन्या अरुंद करायला लावल्या. ८०० मेगाहर्ट्झला तो नियम नव्हता, तिथे एफएमच ठेवा.

काड्या हलतच नाहीत

"चाळीस मैलांवरचा डिस्पॅच येतो आणि दोन मैलांवरची आग येत नाही?" असं लोक चिडून विचारतात. होय, असंच असतं. डिस्पॅच उंच मनोऱ्यावरून, शेकडो वॅटच्या ताकदीनं तुमच्याकडे येतो. फायरग्राउंडवर हातातला रेडिओ, जास्तीत जास्त पाच वॅट, तोही विटांच्या भिंतीआड, कमरेच्या उंचीवर, आणि पुढे उचलून धरणारा रिपीटर नाही. सपाट उपनगरात घरातल्या अँटेनावर दोन-तीन मैल मिळाले तरी चांगलं. कधीकधी घटनास्थळाच्या प्रमुखाचा गाडीतला जास्त ताकदीचा रेडिओ तेवढा ऐकू येतो आणि आतल्यांची उत्तरं नाहीत; एकाच बाजूचं संभाषण आलं म्हणजे सेटिंग बरोबर आहे, अंतर नडतंय.

अँटेनाची चूक मात्र हमखास दुरुस्त होते. ८०० मेगाहर्ट्झसाठी लोक बोटाएवढी आखूड अँटेना लावतात आणि ट्रंकसाठी ती उत्तमच असते: ८५१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी जेमतेम नऊ सेंटिमीटर भरते. १५४ मेगाहर्ट्झला तीच साधारण ४९ सेंटिमीटर. बोटाएवढ्या काडीनं व्हीएचएफ ऐकायचं म्हणजे कान बंद करून ऐकायचं. दहा-पंधरा डॉलरची टेलिस्कोपिक अँटेना घ्या, अर्ध्या मीटरला जरा कमी एवढी उघडा आणि खिडकीशी ठेवा. पूर्ण ताणून उपयोग नाही, मोजून उघडा.

फरक पडला का ते बघायला आग लागायची वाट बघायला नको. १६२.५५० वर शिकागोचं एनओएए हवामान केंद्र, केडब्ल्यूओ-३९, चोवीस तास बोलत असतं. जुन्या अँटेनावर ऐका, नव्यावर ऐका. ते स्वच्छ येत असेल तर तुमचं व्हीएचएफ जागेवर आहे. त्यानंतर आयफर्नवर लक्ष ठेवा. आयफर्न येतं आणि रंग येत नाहीत, असं झालं तर आता फक्त अंतर उरलं. आग जवळ लागेपर्यंत गप्प बसणं हेच बरोबर वागणं आहे. अँटेना बदलूनही एनओएए खरखरीतच असेल तर टेबलावरचा एलईडी दिवा आणि स्वस्तातला चार्जर बंद करून बघा. या दोघांचा उपद्रव ८०० मेगाहर्ट्झवर जाणवत नाही आणि व्हीएचएफवर उच्छाद असतो.

होल्डवर येतं, स्कॅनमध्ये निसटतं

आगीवरची वाक्यं दोन-तीन सेकंदांची असतात. "पाणी सोडा." "शिडी मागच्या बाजूला." तेवढ्यात तुमचा स्कॅनर तीन काउंट्यांच्या ट्रंक साइट्सवर प्रत्येकी काही सेकंद काढून परत येईपर्यंत बोलणं संपलेलं असतं. प्रायॉरिटी चालू केली तर तो दर दोन सेकंदांनी या वाहिन्यांकडे डोकावतो, पण मग ट्रंकवरचं बोलणं तुटक होतं. चालेल, पण मला तो उपाय आवडत नाही.

खरा उपाय म्हणजे कामं वाटून देणं. महागडा डिजिटल स्कॅनर ट्रंकला, आणि शेजारी बीसी-१२५एटी सारखा साधा ॲनलॉग स्कॅनर फक्त या आठ वाहिन्यांना. आठच असल्यामुळे तो फेरी डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुरी करतो.

संगणकाची आवड असेल तर याहूनही छान सोय आहे. वरची यादी पुन्हा बघा: सगळ्यात खालची १५३.८३०, सगळ्यात वरची १५४.३०२५. सगळं घबाड अर्ध्या मेगाहर्ट्झहूनही कमी रुंदीत बसलंय. आरटीएल-एसडीआरची छोटी डाँगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ) एका वेळी दोन मेगाहर्ट्झहून जास्त पट्टा बघते. म्हणजे १५४.१ च्या आसपास मध्य ठेवला की आठही वाहिन्या एकाच वेळी, स्कॅन न करता, एका डाँगलवर ऐकता आणि रेकॉर्ड करता येतात. आरटीएलएसडीआर-एअरबँड किंवा एसडीआरट्रंक, काहीही वापरा. फक्त टोन-स्क्वेल्चची, म्हणजे टोन जुळला तरच आवाज उघडायची, सोय आहे ना ते आधी बघा, नाहीतर रात्रभराच्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर भरून राहील. शिकागोच्या मध्यभागाजवळ राहत असाल तर उंच इमारतींवरची एफएम स्टेशनं या डाँगलला बधिर करतात. त्यासाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर अँटेनाच्या वायरीत घाला. फरक लगेच दिसतो.

रंगांपलीकडच्या वाहिन्या

वादळ, मोठा अपघात, दोन राज्यांची पथकं एकत्र, असं काही झालं की राष्ट्रीय सामाईक वाहिन्या जाग्या होतात. व्हीएचएफवर व्हीकॉल-१० (१५५.७५२५) आणि व्हीटॅक-११ ते १४, यूएचएफवर यूकॉल-४० (४५३.२१२५) आणि तिच्यासोबतच्या यूटॅक, ८०० वर ८-कॉल-९० (८५१.०१२५) आणि ८-टॅक-९१ ते ९४, म्हणजे ८५१.५१२५ पासून अर्ध्या अर्ध्या मेगाहर्ट्झनं ८५३.०१२५ पर्यंत. टोन सगळीकडे १५६.७. शेवटच्या गटाच्या जुन्या याद्यांत ८६६.०१२५, ८६६.५१२५ असे आकडे आणि आयकॉल, आयटॅक अशी नावं दिसतील. ती रीबँडिंगच्या, म्हणजे ८०० मेगाहर्ट्झच्या फेरवाटणीच्या, आधीची. फ्रिक्वेन्सी बरोबर १५ मेगाहर्ट्झ खाली आल्या आहेत, तेव्हा ती यादी फेकून द्या.

या वाहिन्या वर्षानुवर्षं मुक्या असतात, म्हणून लोक जागा वाचवायला पुसून टाकतात. पुसू नका. २००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सची ८०० मेगाहर्ट्झची सिस्टीम कोलमडली तेव्हा सगळा भार मोजक्या सामाईक वाहिन्यांवर येऊन पडला होता. ट्रंक कोसळते त्या दिवशी ऐकण्यासारखं जे काही असतं ते इथेच असतं.

एवढं करूनही शांतता असेल तर

पडद्यावर ईएनसी असं दिसलं तर विषय संपला. ते संभाषण कुलूपबंद आहे. त्याला तोड नाही, आणि तोडायचा प्रयत्न करणं गुन्हा आहे. ऐकलेलं स्वतःच्या फायद्यासाठी वापरणंही अमेरिकेच्या कायद्यात बसत नाही. शेजारच्या इंडियानात गाडीतून स्कॅनर नेण्यावर बंधनं आहेत, हौशी रेडिओचा परवाना असलेल्यांना सूट आहे. त्यामुळे वीकेंडला तिकडे निघताना स्कॅनर घरी ठेवा. आणि हे वाचून पुण्यात किंवा ठाण्यात कुणी डाँगल लावणार असेल तर थांबा. भारतात पोलिसांचं किंवा अग्निशमन दलाचं बिनतारी संभाषण ऐकायला हौशी परवानाही पुरत नाही.

कुलूप नाही, टोन बरोबर, एनओएए स्वच्छ, आग चार गल्ल्या सोडून, तरी सहाही रंग मुके? मग तुमच्या गावाचं दल आगीवरही ट्रंकचाच टॉकग्रुप वापरत असेल. काही दलं रंग फक्त शेजारची गावं मदतीला आली की उघडतात. साध्या कॉलला त्यांचं सगळं ट्रंकवरच होतं. डिस्पॅचर रंगाऐवजी "टॅक ३" असं काही म्हणत असेल तर हाच प्रकार. अशा वेळी फेव्हरिट्समध्ये त्या सिस्टीमचा आयडी सर्च चालू करा, पुढच्या कॉलला कुठला नवा टॉकग्रुप जागा होतो ते बघा आणि त्याला नाव देऊन टाका.